संयुजेच्या हिशेबात न बसणारी संयुगे

संयुगाचे रेणुसूत्र लिहिण्याची एक सोपी रीत शाळेत शिकवली जाते. दोन मूलद्रव्यांची चिन्हे शेजारी लिहायची, त्यांच्या संयुजा खाली मांडायच्या आणि तिरकस गुणाकाराने सूत्र काढायचे. ॲल्युमिनियमची संयुजा ३ आणि ऑक्सिजनची २. म्हणून ॲल्युमिनियमचे २ अणू आणि ऑक्सिजनचे ३. रीत उत्तम आहे. परंतु जगातील सर्व संयुगे याच हिशेबाने बनतात असा समज त्यातून विद्यार्थ्यांच्या मनात रुजतो आणि आपण शिक्षक तो रुजू देतो. हा समज शाळेतच दूर व्हावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

घरातील पितळी तांब्याच पाहा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण, असे आपण शिकतो. भांड्यांच्या पितळेपुरते ते बरेचसे ठीक आहे. पण जस्ताचे प्रमाण वाढवीत नेले, की एका टप्प्यावर अणूंची मांडणीच बदलते आणि तांब्याचे ५ व जस्ताचे ८ अणू अशा प्रमाणाचा ठिसूळ पदार्थ तयार होतो. त्याचे भांडे घडवता येणार नाही. तिरकस गुणाकाराने हे ५ आणि ८ कधीच मिळणार नाहीत. अशा पदार्थांत मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे अणूंच्या संख्येशी असलेले प्रमाण महत्त्वाचे ठरते, हा विचार ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ विल्यम ह्यूम-रॉदरी यांनी १९२६ च्या सुमारास पुढे आणला. तांब्याचा अणू १ इलेक्ट्रॉन देतो, जस्ताचा २. म्हणजे १३ अणूंमागे ५ अधिक १६, असे २१ इलेक्ट्रॉन झाले. आता तांब्याचे ९ आणि ॲल्युमिनियमचे ४ अणू घ्या. ॲल्युमिनियमचा अणू ३ इलेक्ट्रॉन देतो. पुन्हा १३ अणू आणि २१ इलेक्ट्रॉन! या दोन्ही पदार्थांची स्फटिकरचनाही एकाच प्रकारची असते. धातू-धातूंच्या अशा ठराविक प्रमाणाच्या आणि ठराविक रचनेच्या पदार्थांना आंतरधातवीय संयुगे म्हणतात.

याहून नवलाचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच अभ्यासले गेले आहे. मुंबईच्या कुलाबा भागातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ई. व्ही. संपतकुमारन आणि त्यांचे सहकारी यांनी गॅडोलिनियम हा विरल मृदा धातू, पॅलेडियम हा मौल्यवान धातू आणि सिलिकॉन यांच्या एका संयुगाचा अभ्यास केला. त्यात गॅडोलिनियमचे २, पॅलेडियमचा १ आणि सिलिकॉनचे ३ अणू, असे प्रमाण असते. हे आकडे आले कोठून? त्यासाठी संयुजा नको, भूमिती हवी.

कागदावर समभुज त्रिकोणांची जाळी काढा आणि प्रत्येक छेदबिंदूवर गॅडोलिनियमचा अणू आहे असे समजा. प्रत्येक बिंदूभोवती ६ त्रिकोण जमतात आणि प्रत्येक त्रिकोण ३ बिंदूंत वाटलेला असतो. म्हणून दर बिंदूमागे त्रिकोण आले ६ भागिले ३, म्हणजे २. आता प्रत्येक त्रिकोणाच्या मध्यबिंदूच्या थोडे वर एकेक अणू ठेवा. या वरच्या थरातील शेजारचे अणू रेषांनी जोडले, की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनांची जाळी मिळते. त्यावर पुन्हा गॅडोलिनियमचा थर, पुन्हा पोळे, अशी रास चढत जाते. म्हणजे गॅडोलिनियमच्या २ अणूंमागे पोळ्यात ४ जागा झाल्या. त्यांपैकी १ पॅलेडियमने घेतली, ३ सिलिकॉनने. सूत्र तयार झाले!

या रचनेतून गुणही वेगळेच निपजतात. गॅडोलिनियमच्या अणूत आतल्या कवचात ७ इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतात, म्हणून त्याचा प्रत्येक अणू हा एक इवलासा चुंबक असतो. शुद्ध गॅडोलिनियम सुमारे २० अंश सेल्सियसच्या खाली लोखंडासारखे लोहचुंबकीय असते. आमच्या कुहीत डिसेंबरच्या पहाटे ते लोहचुंबकीय असेल, मे महिन्याच्या दुपारी नसेल. परंतु वरील संयुगात हे अणुचुंबक उणे २५२ अंशांच्या आसपास, म्हणजे २१ केल्विनला, शिस्तीत येतात. त्रिकोणावर बसल्यामुळे त्यांची पंचाईत होते. शेजाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करावे असे तिघांनीही ठरवले, तर दोघांचे जमते. तिसऱ्याने कोणाच्या उलट व्हावे?

साधा धातू थंड करीत गेले, की त्याचा विद्युतरोध उतरत जातो. या संयुगाचा रोध मात्र उतरता उतरता एका तापमानानंतर पुन्हा चढू लागतो, आणि तोही चुंबक शिस्तीत येण्याच्या आधीच, असे १९९८ मध्ये या गटाने प्रसिद्ध केले. पुढे २०१९ मध्ये जपानमधील संशोधकांना याच संयुगाच्या थंड स्फटिकात, चुंबकीय क्षेत्र लावल्यावर, अणुचुंबकांचे अतिसूक्ष्म भोवरे रांगेने मांडलेले आढळले. त्यांना स्कर्मियॉन म्हणतात. शुद्ध गॅडोलिनियम, पॅलेडियम किंवा सिलिकॉन, यांपैकी एकातही असे भोवरे दिसत नाहीत.

काही शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम पुरा करायलाच वेळ नाही, त्यात हे कशाला? अडचण खरी आहे. मिठासारख्या पदार्थांसाठी संयुजेचा नियम पक्का शिकवलाच पाहिजे. पण नियमाबरोबर त्याची हद्द सांगायला एक तास पुरतो आणि साहित्य म्हणून कागद, पेन्सिल व पट्टी पुरते. कुहीसारख्या तालुक्याच्या गावातील शाळेतही हे सहज होईल. आवर्तसारणीच्या तळाशी वेगळ्या काढलेल्या दोन ओळी परीक्षेला येत नाहीत म्हणून आपण वगळतो. गॅडोलिनियम त्यांपैकीच वरच्या ओळीत आहे.

‘‘सर, पितळेचे सूत्र काय?’’ असे एखाद्याने विचारले, तर ‘‘ते मिश्रण आहे, बस खाली’’ असे उत्तर देऊ नये. त्या मुलाने नियमाच्या हद्दीवर नेमके बोट ठेवलेले असते. त्याला फळ्यापाशी बोलवावे आणि त्रिकोण मोजायला लावावेत.