बारा टक्क्यांचे पंधरा टक्के



औराद-भालकीकडच्या आपल्या घरांत सुगी सुरू झाली की बोलणे एकच, रास कधी होणार आणि ओलावा किती लागणार? हमीभावाने सोयाबीन घालायचे तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. परतीचा पाऊस काही हा नियम वाचून येत नाही.

२०२४ चा खरीप आठवा. हमीभाव ४,८९२ रुपये, बाजार त्याच्या खाली आणि त्यात माल ओला. १५ नोव्हेंबरला केंद्राचे पत्र निघाले: या हंगामापुरते, एकदाच, १५ टक्क्यांपर्यंत ओलाव्याचे सोयाबीन घ्यावे, जादा ओलाव्याचा भार राज्याने सोसावा. महाराष्ट्रात मतदान २० नोव्हेंबरला होते, बाकी तुम्ही समजून घ्या.

एका पत्राने आकडा बदलतो कसा, हा प्रश्न मला पडला. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही दोन वाटा असतात. एक रीतसर, चाचण्या करून. दुसरी, रात्री सेटिंगमधला एक आकडा बदलून मोकळे व्हायचे. सरकारकडेही तसेच आहे. खाद्यपदार्थांचे मानक बदलायचे तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे आधी मसुदा, मग लोकांच्या हरकती, केंद्राची मंजुरी, राजपत्र आणि शेवटी संसदेचा पटल. हे टाळून २०१३ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नुसत्या सल्लापत्रावर उत्पादन-मंजुरीची पद्धत चालवली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती रद्द केली, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. खरेदीचे निकष मात्र कायदा नव्हेत, योजनेच्या अटी आहेत. तिथे पत्र पुरते. २०२२ मध्ये उष्णतेने गहू आकसला तेव्हाही पंजाब-हरियाणात आकसलेल्या दाण्याची मर्यादा ६ वरून १८ टक्के झाली, तीही अशीच.

आता हिशेब बघा. १५ टक्के ओलाव्याच्या क्विंटलात कोरडा माल ८५ किलो. तोच माल १२ टक्क्यांवर वाळवला तर ९६.६ किलो भरतो. म्हणजे फरक सुमारे ३.४ किलोचा, हमीभावाने १६७ रुपयांचा. बारा टक्क्यांची अट उगाच नाही, ओल्या मालाला पोत्यात बुरशी धरते. पण १६७ रुपयांच्या फरकासाठी अख्खे पोते परत पाठवायचे? त्यापेक्षा टक्क्यामागे किती कपात, हे हंगामाआधीच निकषात लिहून टाकावे. मग पत्राची वाट बघायला नको.

कारण वाट बघणे सगळ्यांना परवडत नाही. ते पत्र निघाले तेव्हा दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. ज्याच्याकडे माल ठेवायला जागा आणि हातात पैसा होता, तो थांबू शकला. ज्याला सणाचा खर्च आणि रब्बीचे बी-बियाणे एकदमच आले, तो आधीच आडतीवर, मिळेल त्या भावात रिकामा झाला होता.