आकाशातला कासरा



पेरणीत तिफणीचे तास सरळ जावे म्हणून तुम्ही कासऱ्याला जरासाच हिसका देता. जोरात ओढले तर तास वाकडे! आपल्याला ढगांची छायाचित्रे पाठवणाऱ्या इन्सॅट उपग्रहालाही असाच कासरा लागतो.

हा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. सूर्य-चंद्राच्या ओढीने तो हळूहळू जागा सोडतो, उन्हाच्या दाबाने त्याचे तोंडही फिरते. तिथे हवा नाही. सुकाणू कशाला टेकणार? म्हणून त्याच्या अंगावर छोटी रॉकेटे बसवतात. मोटार सुरू होताच पाण्याचा पाइप मागे झटका देतो, तसेच हे. वायू एकीकडे सुटला की उपग्रह दुसरीकडे सरकतो. वळला की थांबवायला उलट बाजूचे रॉकेट चालवावे लागते, नाहीतर तो फिरतच राहील. अशा एका रॉकेटचा जोर २२ न्यूटन, म्हणजे हातावर सव्वादोन किलोचे वजन तोलावे एवढाच!

खरी अडचण इंधनाची. ते इथूनच भरून न्यावे लागते. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१ए चे तोंड सांभाळणारे इंधन सप्टेंबरातच संपले आणि सारा उपग्रह वाया गेला. त्याचे काम पुढच्या वर्षी इन्सॅट-१बी ने उचलले.

तेव्हा हवामानाचा अंदाज ऐकूनच फवारणीचा पंप पाठीवर घ्या. त्या अंदाजामागे वर थेंबाथेंबाने खर्चलेले इंधन आहे. आपणही औषधाचा थेंब पावसात वाहू देऊ नये.