धुरातला शेजार

२९ एप्रिल १९९२ रोजी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय नागरिकाला मारहाण करणाऱ्या पोलिसांना दोषी ठरविण्यास ज्यूरीने नकार दिला आणि लॉस एंजेलिस पेटले. पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोरियन वंशाच्या दुकानदारांची दोन हजारांहून अधिक दुकाने लुटली वा जाळली गेली.

हा विषय मुलांच्या चित्रपुस्तकाचा होऊ शकतो काय? ईव्ह बंटिंग यांनी १९९४ साली ‘स्मोकी नाइट’ लिहून त्याचे उत्तर दिले. डेव्हिड डियाझ यांच्या चित्रांना १९९५ चे कॅल्डेकॉट पदक लाभले. कथेतील डॅनियलची आई किमबाईंच्या दुकानात जात नाही. खरेदी आपल्याच माणसांकडून करावी, असे तिचे मत. त्या रात्री दुकान लुटले जाते, इमारतीला आग लागते. दोन्ही घरांची मांजरे एरवी हाडवैरी. अग्निशामक दलाचा जवान त्यांना एकत्रच वाचवून आणतो. निवाऱ्यात ती एका बशीतून दूध पितात, तेव्हा कुठे मोठी माणसे परस्परांशी बोलू लागतात.

लेखिका लुटीचे समर्थन करीत नाही, द्वेषही पेरीत नाही. आग मुलांपासून लपविता येत नाही. डॅनियल ती खिडकीतून पाहतच असतो. मोठ्यांचा अबोलाही मुलांना दिसत असतो. शेजारधर्म शांततेच्या दिवसांतच आचरावा लागतो. ही गोष्ट मुलांना वाचून दाखविण्यापूर्वी पालकांनी शेजारच्या बिऱ्हाडाची एकदा विचारपूस करावी. संस्काराचा आरंभ तेथूनच होतो.