सहावीची मुलगी आणि डांगची नागली

उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत यंत्रमागाच्या आधाराने जळगाव, धुळे, नंदुरबारहून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या कन्या सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळांतून ज्या वयात सहावी-सातवीचे धडे गिरवतात, नेमके तेच वय त्यांच्या अस्थींच्या आजन्म संचयाचे असते. साडेबाराव्या वर्षाच्या सुमारास मुलीच्या हाडांत कॅल्शियम सर्वाधिक वेगाने साठते आणि त्या आगेमागेच्या अवघ्या दोन वर्षांत प्रौढपणीच्या अस्थिद्रव्याचा जवळजवळ चौथा हिस्सा जमा होतो. म्हणून हाडांच्या पोषणाचा पाठ नववी-दहावीवर ढकलणे मला अक्षम्य वाटते.

लोहाच्या बाबतीत सरकारने ही दिरंगाई केली नाही. 2013पासून सहावीपासूनच्या मुलींना आठवड्यास एक गोळी शाळेतच देण्याची तजवीज झाली. कॅल्शियमची अशी गोळी शाळेत मिळत नाही, आणि सकस अन्न मिळाल्यास तिची गरजही नाही. परंतु मग ते अन्न कोणते, हे मुलीला आणि तिच्या आईला कोणीतरी हिशेबासह सांगितले पाहिजे.

तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीस रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे 2020चे प्रमाण आहे. पाच माणसांच्या घरी दोन वेळच्या चहासाठी येणारी सुमुलची अर्ध्या लिटरची पिशवी सबंध त्या मुलीलाच पाजली, तरी पदरी पडतात जेमतेम 600. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात 30देखील नाहीत. तेवढ्याच नागलीच्या पिठात मात्र साडेतीनशे आहेत, आणि ही नागली शेजारच्या डांगात पिकते, पण आमच्या स्वयंपाकघरांत बहुधा पापडापुरतीच येते. चमचाभर तिळाची चटणी शंभराची भर घालते. पालकातले कॅल्शियम मात्र अंगी फारसे लागत नाही, हेही सांगावे. बाईंनी पालकसभेत एका हाती ज्वारीची व दुसऱ्या हाती नागलीची भाकरी धरून हे आकडे फळ्यावर मांडले, तर कोणत्याही आईला ते तत्काळ उमगतील.

उरतो सूर्यप्रकाश, ज्यावाचून खाल्लेले कॅल्शियम शरीरात नीट शोषले जात नाही. शाळा सुटल्यावर दार लोटून, मांडीवर साडी पसरून मजुरीने टिकल्या चिकटवीत बसणाऱ्या मुलीला ऊन मिळणार कोठून? घराला त्या चार पैशांची निकड असते, हे मी जाणतो. म्हणूनच तिचा मैदानाचा तास शाळेने अन्य कोणत्याही विषयासाठी कापू नये.

मुख्यमंत्री पौष्टिक अल्पाहार योजनेतून शाळांत सुखडी मिळू लागली आहे. शिक्षण समितीस माझी विनंती एवढीच, की ती सुखडी नागलीच्या पिठाची व तीळ घातलेली करण्यास मंजुरी द्यावी, आणि पहिल्या सत्रातच सहावीच्या मुलींच्या आयांची सभा बोलवावी.