केसवर्करच्या वहीत कुणाचं पोर?

दोस्तांनो, भीमाबाई साताऱ्यात गेल्या तेव्हा बाबासाहेब लहान होते. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळलं. आज तसं पोर बालकल्याण समितीपुढं उभं केलं तर पहिला सवाल हाच पाहिजे: याची आत्या कुठाय? हा सवाल विचारायला जो नेमलाय तो केसवर्कर. कुठं त्याला बालकल्याण अधिकारी म्हणतात, कुठं परिविक्षा अधिकारी.

२०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पुरी करा. प्रत्येक पोराची वैयक्तिक काळजी योजना करा, प्रगतीची नोंद पहिले ३ महिने पंधरवड्याला, पुढं दर महिन्याला. कागद चांगलाय, मान्य. पण ५० पोरांमागं या कामाला माणूस धरलाय एक, तोही बहुधा कंत्राटी मानधनावर. त्यानंच जतला एसटीनं जाऊन घर बघायचं, सांगलीला परत येऊन वह्या भरायच्या, समितीची तारीख गाठायची. मग तो मागच्या महिन्याचंच वाक्य उतरवतो : 'वागणूक समाधानकारक.' आमच्या गोदीत टॅली क्लार्क पोती मोजतो, आत काय आहे ते बघत नाही. त्याचं चालून जातं. याचं कसं चालेल?

अहवालातला एकच शब्द घ्या, 'पालक अक्षम'. बाप दारू पिऊन मारतो म्हणून अक्षम, की माण-खटावात पाणी नाही, आई ऊसतोडीला कोपीवर गेली म्हणून? हा फरक कळायला वस्तीत यावं लागतं. आमच्या घरचा चहा प्यावा लागतो. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ साली दुरुस्ती केली आणि ४ ते १८ वर्षांची पोरं आईबापापासून तोडायची सोय केली. तो कायदा १९५२ ला गेला. पारध्याच्या झोपडीकडं बघणारी नजर गेली काय? छापील नमुन्यात जातप्रवर्गाचा रकाना असतो. भरणाऱ्याच्या डोक्यातला रकाना कोण तपासणार?

सावित्रीबाईंच्या नावाची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून पोरामागं महिना २,२५० रुपये, पोर घरात, नात्यात राहावं म्हणून. आईला हे कुणी सांगितलं? नसेल सांगितलं तर ती नुस्ती गरीब आहे म्हणून पोर कुलपाआड गेलं.

सगळे केसवर्कर तसले नसतात. गावाकडं एक बाई मला माहीत आहे. मानधन थकलेलं असताना तिनं एका पोराचा चुलता हुडकून काढला, चार गावं पायी फिरून. पण अशा बाईच्या जिवावर सरकारनं किती दिवस काढायचे? ही पदं कायम करा. अहवाल समितीपुढं जायच्या आधी आईला तिच्या बोलीत वाचून दाखवा. १८ पुरी झाली की पोराला फाटकाबाहेर सोडतात. कायद्यात २१ पर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे, ती मागून घ्या. आणि आपल्यातल्या एमएसडब्ल्यू झालेल्या पोरापोरींनी बँकेच्या परीक्षांत वर्षं घालवण्यापेक्षा ही खुर्ची मागावी, असं माझं मत आहे. राग आला तर येऊ द्या.

सातारा-सांगलीच्या दोस्तांनो, वस्तीतलं पोर उचललं गेलं असेल तर तारखेला त्या आईबरोबर जा. तिला एकटी पाठवू नका. अंगठा घेण्याआधी कागद मोठ्यानं वाचायला लावा.