डोंगर देईल तेवढेच

आज 15 सप्टेंबर, अभियंता दिन. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या तसबिरीला कचेऱ्याकचेऱ्यांतून हार पडतील, अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रमुख पाहुणे येतील आणि चाकापासून संगणकाच्या चिपपर्यंतचा मानवजातीचा प्रवास वीस मिनिटांच्या भाषणात उरकला जाईल. आग, चाक, छपाईयंत्र, वाफेचे इंजिन, वीज. ही यादी आता इतकी पाठ झाली आहे की ऐकणाऱ्याला तिच्यात एकही प्रश्न दिसत नाही. खानदेशातल्या वाचकाने निदान आजच्या दिवशी ती बाजूला ठेवून रावेरच्या पुढे, राज्याची हद्द ओलांडून बऱ्हाणपूरकडे पाहावे. तिथे लालबाग परिसरात विहिरींच्या कठड्यांसारखे गोल कठडे एका ओळीत उभे दिसतात, ठरावीक अंतरावर एकेक. एकाच शेतात इतक्या जवळजवळ कुणी विहिरी खोदत नाही. या विहिरी नाहीतच. खाली, जमिनीच्या पोटात, एक बोगदा आहे आणि त्यातून चारशे वर्षे पाणी वाहते आहे. गावकरी त्याला कुंडी भंडारा म्हणतात. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत मार्च 2024 मध्ये त्याचे नाव गेले ते खूनी भंडारा असे. नावामागच्या दंतकथा गाइड रंगवून सांगतात. त्या त्यांच्यासाठीच ठेवलेल्या बऱ्या.

बऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची खानदेशची राजधानी. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला आणि हे शहर दख्खनवरच्या मोगली मोहिमांचे ठाणे झाले. सैन्य, त्यांचे घोडे, हत्ती, उंट, सराया, बाजारबुणगे, शिवाय विणकर, रंगारी आणि जरतारीचे कारागीर. एवढ्यांना बारमाही पाणी हवे. तापी शेजारून वाहते खरी, पण शहर वसले आहे उंच काठावर, आणि युद्धाच्या काळात उघड्या नदीवर सगळे शहर अवलंबून ठेवणे कोणत्याही सुभेदाराला परवडणारे नव्हते. अब्दुर रहीम खानखानान हा त्या वेळी इथला कर्ताधर्ता. शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकाने आपल्याला हा माणूस दोह्यांपुरताच दाखवला. त्याने 1615 च्या सुमारास तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भज्ञाला कामाला लावले. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगिराच्या भेटीला जाताना इथे थांबला होता. शाहजादा परवीझ, खानखानान आणि आणखी काही थोडे सोडले तर बाकीच्यांची घरे मातीची, असे त्याने आपल्या रोजनिशीत नाक मुरडून लिहिले आहे. घरांपलीकडे, जमिनीखाली काय चालले आहे हे पाहण्याचे त्याला काही कारण नव्हते.

तबकुतुल अर्जने पाहिले ते असे. सातपुड्याच्या कुशीत पडणारा पाऊस सगळाच ओढ्यांनी वाहून जात नाही. पायथ्याशी दगडगोटे, वाळू, मुरूम यांचा जो थर साचला आहे त्यात तो जिरतो आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकतो. हे सरकणारे पाणी वाटेतच पकडायचे. त्यासाठी उतारावर वरच्या बाजूला पाणी लागेपर्यंत खोल कुंडी खणली, मग तिच्या तळापासून शहराच्या दिशेने बोगदा काढला. यातली सगळी मेख उतारात आहे. बोगद्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा किंचित कमी ठेवावा लागतो, म्हणजे पाणी वाहत राहते आणि पुढे जाता जाता जमिनीच्या पातळीजवळ येते. उतार जास्त झाला तर पाणी बोगद्याचा तळ खरवडून काढते, कमी झाला तर गाळ बसतो. वरून ठरावीक अंतरावर उभ्या कुंड्या पाडल्या, त्या खोदलेली माती वर काढायला, आतल्या माणसाला हवा मिळायला आणि पुढे साफसफाईला उतरायला. एकट्या कुंडी भंडाऱ्यावर अशा 103 कुंड्या सांगतात. कठडे जमिनीच्या वर उचलून घेतले, म्हणजे पावसाचे गढूळ पाणी आणि गुरेढोरे आत जाऊ नयेत. शेवटी पाणी जाळी करंज नावाच्या हौदात गोळा होई आणि तिथून मातीच्या नळांनी शहरात जाई. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण हे याच कुटुंबातले. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. इंधन म्हणून लागले ते फक्त पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण, आणि त्याचे बिल अजून कुणी पाठवलेले नाही.

आज एका कुंडीतून लिफ्टने सुमारे 80 फूट खाली उतरता येते. खाली पायाला गार पाणी लागते, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले दिसतात. पर्यटक त्या पांढऱ्या भिंतींचे फोटो काढतात. जाणत्याला मात्र ते थर पाहून काळजी वाटते, कारण पाणी याच भिंतींतल्या फटींतून पाझरते आणि चुना त्या फटी बुजवत आणतो.

ही कल्पना बऱ्हाणपूरची नव्हती, हे मोकळेपणाने सांगायला हवे. इराणात अशा भूमिगत वाहिन्या, तिकडच्या बोलीत कनात किंवा कारेझ, हजारो वर्षांपासून होत्या. अल करजी या गणितज्ञाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीत लपलेले पाणी वर कसे आणावे यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. बहमनी काळात बिदरला कारेझ खोदली गेली. आणि बऱ्हाणपुरात काम चालू होते त्याच दशकात, दक्षिणेला, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर आपल्या नव्या खडकी शहरासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, नहर-ए-अंबरी खोदवून घेत होता. खानखानान आणि मलिक अंबर एकमेकांचे कट्टर शत्रू, दोघांच्या फौजा दख्खनभर एकमेकांच्या मागावर. पण दोघांनी आपापल्या शहराला पाणी पाजले ते एकाच विद्येने. शोधांच्या इतिहासात असे वारंवार दिसते. विद्या सरहद्द ओलांडते तेव्हा ती कोणत्या दरबाराची चाकरी करते हे विचारत नाही. राजे लढले, नहरी मात्र नातेवाईक निघाल्या.

तरीही या तंत्राचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य दूरवरून येण्यात नाही. कुंडी भंडारा डोंगर देईल तेवढेच पाणी घेतो. बोगदा ज्या पातळीवर आहे त्याच्या खालचे पाणी तो कितीही हव्यास धरला तरी ओढू शकत नाही. पाऊस कमी झाला की धार बारीक होते, शहराला आपोआप कळते आणि शहर हात आखडते. मर्यादा इथे कायद्याने घातलेली नाही, ती यंत्राच्या रचनेतच आहे. आणि दुसरी गोष्ट, हे यंत्र एकट्याला चालवता येत नाही. एका कुंडीत कचरा पडला तर खालच्या सगळ्या कुंड्यांचे पाणी नासते. दरसाल कुणीतरी आत उतरून गाळ काढला पाहिजे, चुना खरवडला पाहिजे, ढासळलेला भाग बांधला पाहिजे. रहीमचे नाव राहिले, तबकुतुल अर्जचे नुसतेच नाव राहिले, कुंडीत उतरणाऱ्यांचे तेवढेही नाही. त्यांच्याविना मात्र हा शोध पन्नास वर्षेही टिकला नसता.

विश्वेश्वरय्यांना हे पक्के ठाऊक होते. पुण्यातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाले आणि नोकरीच्या सुरुवातीलाच खानदेशात, धुळ्याकडे आले. दातर्तीजवळ ओढ्याखालून पाणी पलीकडे नेणारा नळाचा सायफन हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक. त्याच मुलखात पांझरा आणि मोसम नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षे चालत आलेली होती. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या शेताचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, कोणत्या फडाला कधी पाणी हे गावाने ठरवायचे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. बंधाऱ्याचे दगड कुणी रचले हे कुणाला आठवत नाही, पण पाटकऱ्याच्या मेहनतान्याची सोय गावाने कधी चुकवली नाही. पुढे विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, तिच्यात या फडांची सावली स्पष्ट दिसते. आपण मात्र त्यांच्या नावाने दिन साजरा करताना खडकवासल्याच्या आपोआप उघडणाऱ्या दरवाजांची गोष्ट सांगतो, फडांची सांगत नाही. दरवाजाचा फोटो चांगला येतो हे एक कारण असावे.

मग आला पंप. 1972 च्या दुष्काळानंतर खडक फोडणारी यंत्रे गावोगाव फिरली, पाठोपाठ वीज आली, आणि बोअर मारणे हे शेतकऱ्याच्या हातातले काम झाले. पंपाला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याला कोणत्याही सुलतानाने, साहेबाने किंवा मंत्र्याने पाट दिला नव्हता, त्याला पंपाने पाणी दिले. रावेर, यावल, बऱ्हाणपूर हा केळीचा पट्टा त्याच पाण्यावर उभा आहे. पण या शोधाने दोन गोष्टी एकदम सोडवून टाकल्या. शेतकऱ्याला त्याने डोंगरापासून सोडवले आणि शेजाऱ्यापासूनही. किती पाणी घ्यायचे हे आता पाऊस ठरवत नाही, मोटारीचे हॉर्सपॉवर ठरवते. शेजाऱ्याची बोअर आटली तर आपली आणखी शंभर फूट खाली न्यायची. जळगावने ठिबक आणि ऊतीसंवर्धित रोपे घराघरांत पोहोचवली. ठिबकने पाणी वाचले, यात वाद नाही, पण वाचलेल्या पाण्यावर अनेक ठिकाणी आणखी केळी उभी राहिली. हिशेब पुन्हा तिथेच.

बऱ्हाणपूर जिल्ह्याने नवे शोध काही कमी पाहिलेले नाहीत. 1906 ची ताप्ती मिल आली, 2020 च्या टाळेबंदीत थांबली. नेपानगरला देशातला पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना निघाला, नेहरूंनी 1956 मध्ये तो राष्ट्राला अर्पण केला. वृत्तपत्राने त्याचे ऋण मान्य करायलाच हवे. त्या कागदाचा लगदा सुरुवातीला सातपुड्याच्या सालईच्या लाकडापासून आणि बांबूपासून होई. परदेशी कागदावरचे अवलंबित्व कमी करणारा तो मोठा प्रयोग होता. पुढे कारखाना रद्दी कागदावर वळला, अनेक वर्षे बंदही राहिला आणि 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला. दरम्यान नेपानगरच्या जंगलात बेकायदा तोडीच्या बातम्या येतच राहिल्या. हे जंगल कुंडी भंडाऱ्याच्या सरकारी हद्दीत येत नाही. डोंगर उघडा पडला तर पाऊस जिरायला थांबत नाही, आणि जो पाऊस जिरत नाही तो कोणत्याच बोगद्यात येत नाही, ही गोष्ट मात्र हद्द पाहून बदलत नाही.

आता तापी महापुनर्भरण प्रकल्प. 10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच्या करारावर सह्या केल्या. तापीवर खारिया गुटीघाट इथे बंधारा, तिथून दोन्ही काठांनी कालवे, आणि त्यांतले पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या थरात मुरवायचे. या थराला तज्ज्ञ बझाडा म्हणतात. तबकुतुल अर्जने ओळखला होता तो याच जातीचा, दगडगोट्यांचा आणि वाळूचा थर. चारशे वर्षांपूर्वी ज्यातून पाणी काढायचे तंत्र इथे आले, त्यातच पाणी परत घालायचे तंत्र आता आणावे लागते आहे. करारात 31.13 टीएमसी पाण्याचे वाटप आहे, सिंचनाखाली येणाऱ्या हेक्टरांचे आकडे आहेत, जळगावपासून अमरावतीपर्यंतच्या जिल्ह्यांची नावे आहेत. कल्पना उत्तम आहे आणि खानदेशाने तिचे स्वागत केले ते योग्यच.

पण मुरवण्याच्या कामाचा खरा शत्रू गाळ. पुराचे पाणी सोबत बारीक माती आणते, ती वाळूच्या फटी बुजवते, आणि काही पावसाळ्यांत पुनर्भरणाचा कालवा नुसता कालवा उरतो. कुंडीतल्या चुन्याची आणि या मातीची करणी सारखीच. शिवाय मुरलेले पाणी कुणाचे, हा प्रश्न आहेच. कालव्याच्या कडेने पहिल्याच वर्षी बोअरची रांग लागली तर मुरवलेले पाणी रावेरला पोहोचण्याआधीच उपसले जाईल. तेव्हा खारिया गुटीघाटच्या बंधाऱ्याचे टेंडर निघण्याआधी दोन्ही राज्यांच्या पाटबंधारे अभियंत्यांनी प्रकल्प अहवालात काही गोष्टी लिहून काढाव्यात. दर उन्हाळ्यात गाळ कोण काढणार, त्या माणसांचा पगार कोणत्या शीर्षाखाली पडणार, आणि कालव्यापासून किती अंतरापर्यंत नवी बोअर मारायला परवानगी मिळणार नाही. युनेस्कोकडे कुंडी भंडाऱ्याचा अंतिम प्रस्ताव जाईल तेव्हा त्यालाही व्यवस्थापन आराखडा आणि भोवतीचे संरक्षित क्षेत्र दाखवावेच लागेल. ते क्षेत्र 103 कठड्यांपुरते आखायचे की पाणी जिथून येते त्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत न्यायचे, याचा निर्णय बऱ्हाणपूरच्या जिल्हाधिकारी कचेरीत आणि भोपाळच्या पुरातत्त्व खात्यात व्हायचा आहे.