अंगावर किती काढावे?

'दुखणे अंगावर काढणे' हा आपल्या मराठीतला एक वाक्प्रचार. तो आपण निंदेने क्वचितच वापरतो, बहुधा कौतुकानेच वापरतो. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या कोणत्याही जुन्या मराठी घरात जावे. अंगात ताप असतानाही पहाटे उठून सडासारवण करणाऱ्या सासूबाईंची आठवण तेथे हमखास निघते. सहनशीलतेला आम्ही नावे ठेवीत नाही. घरच्या सुंठ-हळदीलाही नाही. साधी सर्दी, साधा खोकला, अपचनाने बिघडलेले पोट ही दुखणी विश्रांतीने व साध्या उपचारांनी आपोआप बरी होतात, हे आजीला ठाऊक होते आणि आजच्या डॉक्टरांनाही मान्य आहे. प्रश्न एवढाच की, हे 'साधे' कोठे संपते, आणि ते संपले हे ओळखायचे कसे?

हा प्रश्न आमच्या घरात एकदा फार महाग पडला. काही वर्षांपूर्वी श्रावणी सोमवारचा उपवास सोडताना आमच्या आत्याबाईंच्या हातून वाटी निसटली. बोलणेही किंचित अडखळले. 'उपवासाची गुंगी आहे, पडते जरा' असे त्याच म्हणाल्या. तासाभराने तोंड एका बाजूस ओढल्यासारखे दिसू लागले, तेव्हा घर हादरले. पण मग चर्चा सुरू झाली ती दवाखान्याची. थोरल्या काकांचे मत सोलापूरचे, कारण तेथे आपली भाषा आणि आपली माणसे. भावाचे मत हैदराबादचे, कारण तेथली रुग्णालये मोठी. शेजारी म्हणाले, कलबुर्गीच बरी. एवढ्यात रात्र झाली, पाऊस लागला, आणि 'सकाळी उजाडताच निघू' यावर सर्वांचे एकमत झाले. सकाळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, 'हे नेमके किती वाजता सुरू झाले?' आम्हां सात माणसांपैकी एकालाही ते धड सांगता आले नाही. आत्याबाई वाचल्या, उजवा हात मात्र गेला. आज देवापुढचे निरांजन त्या डाव्या हाताने लावतात. कोणाला बोल लावीत नाहीत, आणि तेच आम्हांला अधिक लागते.

पुढे आम्हांला कळले की, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळविण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तेही मेंदूचे सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहिल्यावर. म्हणजे त्या रात्री आम्ही 'कोठे' याचा निर्णय करीत होतो, तेव्हा 'केव्हा' हा प्रश्न हातातून निसटत होता. सीमेवरच्या माणसाची ही खास अडचण आहे. आपल्याला तीन दिशांना तीन मोठी शहरे आहेत, आणि म्हणूनच ऐन वेळी एकही जवळचे वाटत नाही.

हेच शब्द थोड्या फरकाने साऱ्या देशाने एकदा वाचले आहेत. १० मार्च २०२० रोजी कलबुर्गीच्या एका वृद्ध गृहस्थांचा मृत्यू झाला, आणि दोन दिवसांनी तो भारतातील कोविडचा पहिला मृत्यू म्हणून जाहीर झाला. आधी घरी उपचार, मग कलबुर्गीचे रुग्णालय, तेथून हैदराबाद, आणि परतीच्या वाटेवर अखेर, असा त्यांचा शेवटच्या काही दिवसांचा प्रवास होता. त्यात कोणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तो आजारच तेव्हा सर्वांना नवा होता. परंतु त्या साथीने आपल्याला एक गोष्ट शिकविली. बोटाला लावायच्या चिमट्यावर आकडा ९४ च्या खाली आला की, रुग्ण 'मला काही होत नाही' म्हणत असला तरी त्याला डॉक्टरांकडे न्यायचे. माणसाच्या धीरापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवायला आपण तेव्हा शिकलो.

हाच धडा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, आपल्यासारख्याच सीमेवरच्या गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी फार आधी घालून दिला होता. १९८८ च्या सुमारास त्यांनी गावातल्याच अल्पशिक्षित माणसांना आणि सुइणींना बालकांचा श्वास मोजायला शिकविले. खोकणाऱ्या मुलाचे पोट उघडे करायचे, ते शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० वा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० वा अधिक भरले, तर ती सर्दी नव्हे, न्यूमोनिया समजायचा. या कामाने त्या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू घटले, आणि १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते जगापुढे ठेवले. यात लागते ते काय? घड्याळ, आणि मोजणारी आई.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, अंगावर काढायचे की नाही, हे धीराने ठरवू नये, मोजून ठरवावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, तर थांबूच नये. जुलाब होणाऱ्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजत राहावे. पण ते पाणी पोटात ठरत नसेल, डोळे खोल गेले असतील वा सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तर निघावे. पावसाळ्यात ताप तीन दिवस टिकला तर रक्त तपासावे. आणि ताप उतरल्यावर पोटात दुखू लागले, उलट्या थांबेनात वा हिरड्यांतून रक्त आले, तर 'ताप गेला' या आनंदात राहू नये, कारण डेंग्यूचा धोका नेमका तेव्हाच असतो. दोन आठवड्यांवरचा खोकला म्हणजे थुंकीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. छातीत दाब व घाम, वाकडे तोंड, लुळा हात, अडखळते बोलणे किंवा सर्पदंश, यांत मोजण्यासारखे एकच असते, ते म्हणजे घड्याळ. अशा वेळी १०८ ला फोन करावा, आणि ते दुखणे पेलेल अशा जवळात जवळच्या ठिकाणी जावे. असे ठिकाण कोणते, सीटी स्कॅन कोठे होते, हे मात्र घरात सारे धडधाकट असतानाच विचारून ठेवावे.

एक लहानशी सूचना करून थांबतो. आपण घरात मराठी बोलतो, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. आणि घाबरलेल्या माणसाला यांपैकी एकही नीट बोलता येत नाही. म्हणून देवघराजवळ एक वही टांगावी. दुखणे कधी सुरू झाले, ताप किती, श्वास किती, कोणती गोळी किती वाजता दिली, हे तीत लिहावे. आकडे वाचायला दुभाष्या लागत नाही. आमच्या घरी अशी वही आता आहे. तिच्या पहिल्या पानावर तारीख आणि वेळ घालायला आत्याबाईंनीच सांगितले, आणि ती त्यांनी स्वतः, डाव्या हाताने, लिहिली.